एकाच नावाचे कलावंत: कुणाचं काम कुणाच्या नावावर जातंय?

गोदाकाठ (गंगाखेड)

१० डिसेंबर २०२२ ला लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गेल्या. त्या दिवशी आमच्याकडच्या बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर श्रद्धांजली फिरली, आणि वर फोटो होता सिनेमातल्या सुलोचनादीदींचा. दीदी तेव्हा हयात होत्या. पुढं ४ जून २०२३ ला दीदी गेल्या, तर खाली लोक लिहीत होते, "लावणीचा आवाज हरपला." मला फार वाईट वाटलं. दोघींनी आयुष्य वेचून जे उभं केलं ते शेवटच्या दिवशी तरी ज्याचं त्याच्या पदरात पडायला नको का?

म्हणून हा धागा. सुरुवात सुलोचना या नावापासूनच करते. इथं दोन नाहीत, तीन मोठ्या बायका आहेत.

पहिल्या रूबी मायर्स. जन्म १९०७, पुण्याचा, बगदादी ज्यू घरातला. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून मूकपटात आल्या आणि पडद्यासाठी सुलोचना झाल्या. १९२७ च्या एका मूकपटात त्यांनी एकटीनं आठ भूमिका केल्या. १९२८ च्या मूकपटात त्या अनारकली होत्या, १९३५ च्या बोलपटात पुन्हा अनारकली, आणि १९५३ च्या 'अनारकली'त सलीमची आई जोधाबाई. एकाच कथेत नायिकेपासून आईपर्यंतचा प्रवास करणारी दुसरी नटी मला तरी आठवत नाही. १९७३ चा फाळके पुरस्कार यांचा आहे. तो दीदींच्या नावावर टाकलेला मी अनेकदा वाचलाय.

दुसऱ्या सुलोचना लाटकर, म्हणजे आपल्या दीदी. जन्म १९२८. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या. मराठीत नायिका, हिंदीत दोन पिढ्यांच्या नायकांची आई. पद्मश्री १९९९.

तिसऱ्या सुलोचना चव्हाण, माहेरच्या कदम. जन्म १९३३. लग्नाआधी त्यांनी सुलोचना कदम या नावानं हिंदीत गाणी गायली. 'ढोलक' (१९५१) मधलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर' त्यांचंच. जुन्या हिंदी गाण्यांच्या कितीतरी शौकिनांना या कदम आणि लावणीच्या चव्हाण एकच आहेत याचा पत्ता नसतो. म्हणजे यांचं दोन्हीकडून नुकसान: अर्धं काम दीदींकडं, अर्धं कुठल्यातरी अनोळखी कदमबाईंकडं. पद्मश्री २०२२ ला मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

अशी आणखी नावं सांगा. मराठवाड्यातली असतील तर फारच बरं. नुसती यादी नको, दोघांना वेगळं ओळखायचं कसं तेही लिहा.

---

वीणेकरी (पैठण)

गोदाकाठताई, हा विषय काढलात, बरं वाटलं. सप्ताहात मला हे कायम खटकतं.

'आरती ज्ञानराजा, महाकैवल्यतेजा' आपण सगळेच म्हणतो. आरती कुणाची असं विचारलं की बहुतेक टाळकरी बेधडक सांगतात, नाथांची. कारण शेवटी 'जनार्दनी' येतं. पण नीट ऐका: 'रामा जनार्दनी, पायी मस्तक ठेविले'. नाथांची मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारं कवीचं नाव, 'एका जनार्दनी' आहे. ही आरती रामा जनार्दनांची. देवगिरीच्या किल्ल्यावरच्या जनार्दनस्वामींचे (१५०४–१५७५) जे शिष्य झाले त्यांनी गुरूचं नाव आपल्या नावाला जोडलं. त्यातले एकनाथ जगाला माहीत. रामा जनार्दन त्यांचे गुरुबंधू. आणि तिसरे जनी जनार्दन, बीडचे. घरोघरी रोज आरती म्हटली जाते आणि ती रचणाऱ्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही.

जनी जनार्दनांची तर आणखी अडचण. 'जनी' ऐकलं की लोक तुमच्या गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव घेतात. आमच्या मंडळाची एक जुनी वही आहे, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक अभंगाच्या उजव्या कोपऱ्यात संतांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायची पद्धत: 'तु', 'ए', 'ना', 'ज'. वही ज्यांनी लिहिली त्यांचं अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. पण 'ज' मध्ये जनाबाई आणि जनी जनार्दन एकत्र, आणि 'ए' मध्ये रामा जनार्दन. वही पाठ करून गेलेल्या पोरांनी पुढं तेच शिकवलं.

---

सावलीतली बाग (परतूर)

पटकन एक. उषा: उषा किरण, उषा मंगेशकर, उषा चव्हाण, उषा नाईक, उषा नाडकर्णी. इतक्या असूनही यात कुणी सहसा चुकत नाही, कारण आडनावाशिवाय यांचं नाव कुणी घेतच नाही. सुलोचनाबाईंच्या बाबतीत आडनाव गळालं म्हणून घोटाळा झाला. महेश कोठारे, महेश मांजरेकर, महेश काळे यांचंही तसंच, आडनाव घेतलं की प्रश्न मिटला.

---

दाखल नोंदवही (माजलगाव)

मी एका सार्वजनिक वाचनालयात बरीच वर्षं काम केलंय. एकसारख्या नावांमुळं पुस्तकाचं काय होतं ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड. माने फलटणकडचे, कैकाडी समाजातले. त्यांचं 'उपरा' १९८० चं, साहित्य अकादमी १९८१. गायकवाड आपले, लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. त्यांच्या 'उचल्या'ला अकादमी मिळाली १९८८ ला. नाव एक, दोन्ही आत्मकथनं, दोन्ही भटक्या-विमुक्तांच्या जगण्याची, दोन्हींची सुरुवात 'उ' नं, दोन्हींना तोच पुरस्कार. वाचनालयात येणारा वाचक विचारतो, "ते लक्ष्मणचं पुस्तक द्या, उ नं सुरू होणारं." एका ठिकाणी मी दाखल नोंदवही चाळली तर लेखकाच्या रकान्यात दोन्हीकडं नुसतं 'माने' लिहिलेलं. त्यामुळं गायकवाडांचं पुस्तक मान्यांच्या फळीवर जायचं आणि 'उचल्या' मागणाऱ्याला "नाही" असं उत्तर मिळायचं. पुस्तक चार फुटांवर असायचं.

लातूरच्या पोराला लातूरच्या माणसाचं पुस्तक मिळू नये, याचा मला आजही त्रास होतो. पाथरूट म्हणजे उचल्या म्हणवल्या जाणाऱ्या जमातीवर जन्मानं चोरीचा शिक्का मारला होता, ते सगळं त्या पुस्तकात आपल्याच भागातल्या वाड्यांचं, पोलीस ठाण्यांचं, सूतगिरणीचं आहे. ते आधी इथं वाचलं गेलं पाहिजे.

दुसरी जोडी आद्याक्षरांची. ना. धों. महानोर आणि ना. धों. ताम्हनकर. ताम्हनकर नारायण धोंडो, 'गोट्या'वाले (१८९३–१९६१). महानोर नामदेव धोंडो, पळसखेडचे. 'ना. धों.' एवढंच लिहून पुढं आडनाव सोडणारे समीक्षक बरेच आहेत. जुन्या अंकात बालसाहित्यावरचा लेख असेल तर तिथले 'ना. धों.' ताम्हनकर असतात. शाळेतल्या मुलांना हे सांगितलं नाही की ती महानोरांना गोट्याचा लेखक करून टाकतात.

उपाय साधा आहे. आडनाव, स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि जन्मवर्ष. कार्डावर चार गोष्टी आल्या की माणूस हरवत नाही.

---

शीवेवरचा (उदगीर)

आमच्याकडं राजकुमार म्हणलं की आधी विचारावं लागतंय, कोणता?

कर्नाटकाची शीव जवळ, घरोघरी कन्नड बोलणारे पाहुणे. त्यांच्यासाठी राजकुमार म्हणजे डॉ. राजकुमार, मूळ नाव मुत्तुराज, १९२९ ते २००६. १९५४ च्या 'बेडर कण्णप्पा'पासून त्यांचा पडदा सुरू. १९९५ चा फाळके पुरस्कार त्यांना. स्वतःची गाणी स्वतः गायचे आणि गायक म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. वीरप्पननं २००० ला पळवून नेलं ते हेच. १०८ दिवस जंगलात होते. आणि हिंदीतले राजकुमार म्हणजे कुलभूषण पंडित, १९२६ ते १९९६, आधी मुंबईत पोलिसात फौजदार होते.

मी सांगायलोय ते यासाठी, की आमच्या इथली म्हातारी माणसं दोघांचेही सिनेमे बघून आलेली हायेत. त्यांच्याशी बोलताना एक माणूस एका राजकुमारावर बोलायलाय, दुसरा दुसऱ्यावर, आणि दोघं बराच वेळ माना डोलवायलेत, असं मी डोळ्यानं पाहिलंय. आता नवीन पोरांना तिसरा, राजकुमार राव. त्याचं मूळ आडनाव यादव.

---

कयाधू (हिंगोली)

सगळ्यात मोठा घोटाळा आमच्या नामदेव महाराजांच्या बाबतीत झालाय आणि तो शतकानुशतकं चालू आहे.

संत नामदेव, १२७० ते १३५०. आमच्या नरसीचे. यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, पंजाबात घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. त्यांच्यानंतर सोळाव्या शतकात, म्हणजे नाथांच्या काळात, विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. त्यांनी महाभारत ओवीत आणलं, आख्यानं लिहिली, अभंगही लिहिले. दोघांमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर. पण नामदेवांच्या अभंगातही 'नामा म्हणे' बरोबर कधी 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा येते. झालं! नकलून घेणाऱ्यांनी सगळे नामे एकाच गाथेत घातले. नुसत्या मुद्रेवरून निवाडा होत नाही. भाषा बघावी लागते, अभंगात येणारी माणसं आणि प्रसंग बघावे लागतात. नामदेवांच्या नावावरच्या अभंगात त्यांच्यानंतरच्या काळाची खूण दिसली की अभ्यासक थांबतात.

यात विष्णुदास नाम्यांचं फार नुकसान झालं. अख्खं महाभारत मराठीत आणणारा माणूस, आज त्यांचं नाव एम. ए. मराठीच्या बाहेर कुणी घेत नाही. नामदेवांचंही नुकसान झालं, कारण त्यांचं खरं काय हे ठामपणे सांगणं अवघड झालं.

पुढचेही नामदेव बघा. वर नोंदवहीवाल्या सरांनी महानोर सांगितले. १९६७ ला 'रानातल्या कविता' आल्या, पळसखेडच्या कोरडवाहू रानातून. पाच वर्षांनी, १९७२ ला, 'गोलपिठा' आला. नामदेव ढसाळ, मुंबईच्या कामाठीपुऱ्यातून. पाच वर्षांच्या अंतरानं मराठी कविता दोन बाजूंनी हलवणारे दोन नामदेव. यांच्यात गल्लत कुणी करत नाही आणि करूही शकणार नाही, चार ओळी ऐकल्या की कळतं. पण मला हे कायम विलक्षण वाटतं की एकानं ज्वारीच्या कणसाला शब्द दिले, दुसऱ्यानं फूटपाथला, आणि दोघांच्याही घरी नाव ठेवताना विठ्ठलासमोर उभा असलेला तो नरसीचा शिंपी मनात असणार.

आणि नामदेव व्हटकर विसरू नका. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचं, डिसेंबर १९५६ चं, जे चित्रण आपण आज बघतो ते यांनी केलेलं. चित्रपटही काढले, लिहिलंही. त्यांचं नाव घेतलं तर लोक विचारतात, "कोण, ढसाळ का?"

---

माळकरी (परळी)

कयाधूदादा, लेख चांगला लिहिलाय. पण मला एक बोलायचं आहे. अभंग म्हणताना तो पहिल्या नाम्याचा की दुसऱ्या, हे बघायची काय गरज? विष्णुदास नाम्यांनी स्वतः ते नाव घेतलं असेल तर स्वतःला वेगळं ठेवावं असं त्यांनाच वाटलं नसेल. जनाबाईंनी 'नामयाची दासी' म्हणून मुद्रा लावली, नाथांनी गुरूचं नाव पुढं केलं. आपल्याकडं कवी स्वतःचं नाव मागं ठेवत आलाय. आज आपण कॉपीराइटच्या काळातली नजर त्यांना लावतोय. पांडुरंगाला सगळे नामे सारखेच.

---

गोदाकाठ (गंगाखेड)

माळकरीकाका, तुमचं म्हणणं मी मनापासून समजते. पण जनाबाईंचंच उदाहरण घेऊ. त्यांनी 'नामयाची दासी जनी' म्हटलं तरी 'जनी' सोडलं नाही. दळण-कांडण करणाऱ्या बाईनं आपलं नाव ओळीत ठेवलं, म्हणून सातशे वर्षांनी आम्ही गंगाखेडच्या बायका जात्यावरच्या ओव्यांबरोबर त्यांचे अभंग म्हणू शकतो. ते नाव पुसलं असतं तर त्यांचे अभंग सरसकट नामदेवांच्या गाथेत गेले असते आणि बाई लिहीत होती हेच कुणाला कळलं नसतं. भक्ती एका जागी, ओळख दुसऱ्या जागी. दोन्ही राखता येतात.

---

माळकरी (परळी)

जनाबाईंचं पटलं. बाकी माझं मत तेच आहे. पण एक भर घालतो. आपल्या भागात उलटंही घडलंय: एकाचे दोन केले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' नावानं लेख लिहून मांडलं की ज्ञानेश्वर दोन होते. ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे वेगळे आणि अभंगकर्ते आळंदीचे वेगळे. मोठा वाद झाला. पुढं बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केलं नाही. पैठणजवळच्या आपेगावला गेलात की अजून कुणीतरी तो विषय काढतंच.

---

तिसरी घंटा (छत्रपती संभाजीनगर)

नाटकवाल्यांच्या वतीनं.

चंद्रकांत. कोल्हापूरचे चंद्रकांत मांढरे (१९१३–२००१), मूळ नाव गोपाळ. पडद्यावर नुसते 'चंद्रकांत', आणि भाऊ वामन ते सूर्यकांत. चंद्रकांतजी उत्तम चित्रकारही होते. चंद्रकांत गोखले (१९२१–२००८), विक्रम गोखल्यांचे वडील, आणि १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलेल्या कमलाबाईंचे चिरंजीव. चंद्रकांत काळे, गायक नट. आणि आपले चंद्रकांत कुलकर्णी. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून गेलेले. प्रशांत दळवींनी लिहिलेलं 'चारचौघी' यांनीच दिग्दर्शित केलं. मुंबईत गेल्यावर लोक विचारतात, कोणते चंद्रकांत? मी दरवेळी सांगतो, औरंगाबादचे. ते या शहरात, इथल्या एकांकिकांमध्ये घडले, हे सांगितलंच पाहिजे.

आता खरा गुंता: पेंढारकर.

भालजी पेंढारकर, चित्रपट दिग्दर्शक, कोल्हापूर, १९९४ ला गेले. त्यांचं पूर्ण नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. त्यांचे थोरले भाऊ बाबूराव पेंढारकर, नट. दुसरीकडं संगीत रंगभूमीवरचे भालचंद्र पेंढारकर, म्हणजे अण्णा, १९२१ ते २०१५. पूर्ण नाव भालचंद्र व्यंकटेश पेंढारकर. वडील बापूराव पेंढारकर. केशवराव भोसल्यांनी १९०८ ला हुबळीत काढलेली 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी केशवरावांनंतर बापूरावांनी सांभाळली, आणि पुढं अण्णांनी. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही अण्णांची नाटकं.

म्हणजे दोन भालचंद्र पेंढारकर, आणि एक बाबूराव, एक बापूराव. जुन्या फोटोखाली 'श्री. पेंढारकर' एवढंच असेल तर माझा नियम असा: रंगपट, तानपुरा, ऑर्गन दिसला तर अण्णा नाहीतर बापूराव. स्टुडिओ, कॅमेरा, घोडे दिसले तर भालजी नाहीतर बाबूराव. वडलांचं नाव मिळालं की शंकाच नाही.

---

ट्रान्झिस्टर (वसमत)

पेंढारकरांवरून संगीतातले तीन वसंत आठवले.

वसंत देसाई (१९१२–१९७५): 'अमर भूपाळी', 'श्यामची आई', 'दो आँखें बारह हाथ'. मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले.

वसंत प्रभू: पी. सावळाराम यांचे शब्द आणि लताबाई. 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का'. कवी 'बी' यांच्या 'चाफा बोलेना'ची चालही त्यांचीच.

वसंत पवार: 'सांगत्ये ऐका'तली 'बुगडी माझी सांडली गं', 'रंगल्या रात्री अशा'तली 'मला हो म्हणतात लवंगी मिरची'. ही मिरची सुलोचना चव्हाणांनी गायलेली, आणि जगदीश खेबुडकरांचं चित्रपटातलं ते पहिलं गीत.

चालीवरून ओळखायचं तर देसाईंकडं रागाचा पाया पक्का आणि समूहगान भरदार. प्रभूंची चाल हळवी, घरातल्या बाईला सहज गुणगुणता येईल अशी. पवारांकडं ढोलकी आणि खटका. माझे कान तरी असंच सांगतात.

आम्ही ही नावं आकाशवाणीवर शिकलो. गाण्याआधी निवेदक सावकाश सांगायचे: गीत अमुक, संगीत तमुक, गायिका अमुक. 'संगीत वसंत' असं अर्धवट कधी ऐकलं नाही. आता मोबाईलवर गाणं लावा, गीतकार-संगीतकाराचा पत्ताच नसतो. परवा एका ठिकाणी 'बुगडी'खाली वसंत देसाई लिहिलेलं पाहिलं. वसंत पवार आधीच लवकर गेले, त्यांच्यावर फारसं लिहिलंही गेलं नाही, त्यात आपल्या हातानं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणंही काढून घ्यायचं?

---

पाणचक्की (छत्रपती संभाजीनगर)

उर्दूत यावर जुना तोडगा आहे: नावाला गाव जोडायचं. आमच्या शहराचे अठराव्या शतकातले सूफी शायर सिराज, म्हणून सिराज औरंगाबादी. पुढं लखनौला दुसरे सिराज झाले, ते सिराज लखनवी. जिगर मुरादाबादी आणि जिगर बरेलवी, दोघांचा जन्म १८९० चा, पण गावामुळं कधी अडलं नाही. 'ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़ सुन' ही गझल आमच्या सिराजची. पाकिस्तानातल्या मोठमोठ्या गायकांनी ती गायली. ऐकणाऱ्यांना 'औरंगाबादी' या शब्दामुळंच हे शहर कळतं.

वलींचं मात्र उलटं. माणूस एक, पण कुणी वली दकनी म्हणतं, कुणी वली औरंगाबादी, कुणी वली गुजराती. गावं वाटून घेतात त्यांना.

आपल्या तमाशातही हेच आहे की. विठाबाई नारायणगावकर, यमुनाबाई वाईकर. त्या कलेत विठा, यमुना, हिरा अशा किती होऊन गेल्या असतील. गाव जोडलं म्हणून या दोघी वेगळ्या उभ्या राहिल्या.

---

सावलीतली बाग (परतूर)

हॉलीवूडमध्ये तर नटांच्या संघटनेचा नियमच आहे, एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. 'बॅटमॅन' झालेला मायकेल कीटन जन्मानं मायकेल डग्लस. पण त्या नावाचा नट आधीच होता, म्हणून त्यानं आडनाव बदललं.

आपल्याकडं मकरंद अनासपुरे आणि मकरंद देशपांडे दोघंही सुखानं नांदतात. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकरांबरोबर 'नाम' फाउंडेशन काढून शेतकऱ्यांच्या घरी गेले ते अनासपुरे. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही.

---

सातोना रस्ता (परभणी)

बी. रघुनाथ अजून कुणी कसे लिहिले नाहीत?

मराठीत दोन 'बी' आहेत. एक कवी 'बी', नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७), विदर्भातले. 'चाफा बोलेना' त्यांचं. वर ट्रान्झिस्टरसाहेबांनी त्याची चाल सांगितलीच आहे. दुसरे आमचे बी. रघुनाथ, भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, सातोन्याचे. 'बी' म्हणजे भगवान, रघुनाथ वडलांचं नाव. कविता, कथा, कादंबरी, ललित, सगळं लिहिलं. निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहिलं, जिथं मराठी शाळा काढणंसुद्धा सोपं नव्हतं. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करतानाच गेले. वय अवघं चाळीस.

आमच्या परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. तिथं कार्यक्रमाला येणारी पोरं मी बघतो. पाटीवर 'बी. रघुनाथ' वाचतात आणि विचारतात, "चाफा बोलेनावाले का?" मी तिथंच उभा राहून सांगतो. हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसाचं जगणं, त्यातली घुसमट, छोट्या गावातली मध्यमवर्गीय घरं हे ज्यानं आधी लिहिलं तो माणूस दुसऱ्याच्या कवितेवरून ओळखला जाऊ नये. 'चाफा बोलेना' सुंदरच आहे. पण बी. रघुनाथांची स्वतःची पुस्तकं आहेत. ती वाचा, आणि त्यांच्यावर बोलताना 'परभणीचे' हा शब्द जोडा.

---

वीणेकरी (पैठण)

या धाग्यामुळं एक काम झालं. मंडळाच्या बैठकीत वहीचा विषय काढला. ज्येष्ठांची परवानगी घेतली, मूळ अक्षराला हात लावला नाही. शेजारी पेन्सिलीनं 'रा.ज.' आणि 'ज.ज.' लिहायला सुरुवात केली आहे. आरतीच्या पानावर 'रामा जनार्दन, देवगिरी परंपरा' असं लिहिलं. 'ना' चं काय करायचं? कयाधूदादा, विष्णुदास नाम्यांचे म्हणून जे अभंग नक्की मानले जातात तेवढे कळवाल का?

---

कयाधू (हिंगोली)

नक्की कळवतो. ज्यावर अभ्यासकांचा वाद नाही तेवढेच देईन. बाकीच्यांसमोर काही लिहू नका, 'ना' राहू द्या.

---

दाखल नोंदवही (माजलगाव)

पेन्सिल वापरलीत ते योग्य केलंत. आणि दुरुस्ती कुणी, कोणत्या साली केली ते वहीच्या शेवटच्या पानावर टाका. पुढच्यांना उपयोगी पडतं.

---

तिसरी घंटा (छत्रपती संभाजीनगर)

आणखी एक जोडी राहिली: हिराबाई. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९), किराणा घराण्याच्या थोर गायिका, अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या. आणि हिराबाई पेडणेकर, नाटककार. पेडणेकरबाईंचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'नं रंगभूमीवर आणलं. त्या काळात बाईनं लिहिलेलं नाटक व्यावसायिक मंडळीनं करणं ही केवढी मोठी गोष्ट! पण 'हिराबाई आणि संगीत नाटक' म्हटलं की सगळे बडोदेकरबाईंवर बोलायला लागतात, कारण त्यांनीही रंगभूमीवर काम केलं होतं. आमच्या ग्रुपनं पुढच्या नाट्यवाचनाला 'दामिनी'तला एक प्रवेश घ्यायचं ठरवलंय. संहितेची जुनी प्रत कुणाच्या वाचनालयात असेल तर कृपया इथंच लिहा.